मिठात नांदणारा जांभळा पडदा

खारवलेल्या मासळीवर कधीकधी गुलाबी-लाल थर चढतो आणि ती टाकून द्यावी लागते. तो थर म्हणजे मिठाशिवाय जगूच न शकणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेही याच गोतावळ्यामुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं होतं. या गोतावळ्यातल्या हॅलोबॅक्टेरियमच्या आवरणावर लालीखेरीज जांभळी ठिगळंही असतात. मला वेड लावलं ते या ठिगळांनी.

म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ डिटर ओस्टरहेल्ट 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वॉल्थर स्टॉकेनियस यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले. तिथे या ठिगळांच्या जांभळ्या पडद्यावर सेंद्रिय द्रावक घातला की जांभळा रंग जाऊन पिवळा यायचा. ओस्टरहेल्टना शंका आली की आत रेटिनल असावं. रेटिनल तोवर प्राण्यांच्या डोळ्यांतलंच ठाऊक होतं. अ जीवनसत्त्वापासून ते बनतं आणि ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. ज्याला डोळेच नाहीत अशा एकपेशीय जिवात ते काय करत होतं? पण शंका खरी निघाली आणि 1971 मध्ये दोघांनी ती छापून जाहीर केली. रेटिनल बाळगणाऱ्या या जांभळ्या प्रथिनाचं नाव पडलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन.

रेटिनल म्हणजे वीस कार्बन अणूंचा एक छोटा रेणू, त्यात एक लांब शेपूट. प्रकाशाचा एक कण आदळला की ही सरळ शेपटी एका ठरावीक जोडावर वाकते. सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा. त्यातल्या एकाच्या निम्म्या वेळात हे वाकणं उरकतं. मग भोवतीचं प्रथिन हलतं, एक प्रोटॉन पेशीबाहेर ढकलला जातो, शेपटी पुन्हा सरळ होते. हा सगळा फेरा सुमारे शंभरांश सेकंदाचा. बाहेर साचलेले प्रोटॉन परत आत शिरताना पेशीसाठी एटीपी, म्हणजे ऊर्जा, तयार करून देतात. आपल्या डोळ्यात रेटिनल आधी वाकलेलं असतं आणि प्रकाश पडला की सरळ होतं, तेही याहून लवकर.

1974 मध्ये एफ्रैम रॅकर आणि स्टॉकेनियस यांनी केलेला प्रयोग मला आजही अचाट वाटतो. सोयाबीनमधल्या स्निग्ध द्रव्याचे सूक्ष्म फुगे. त्यांच्या भिंतीत या मिठाळ जिवाचं जांभळं प्रथिन आणि गुराच्या हृदयातून काढलेलं एटीपी बनवणारं यंत्र. एक वनस्पती, एक सूक्ष्मजीव, एक जनावर. दिवा लावला आणि एटीपी तयार होऊ लागलं! प्रोटॉनच्या दाबावर पेशी ऊर्जा बनवतात हे पीटर मिचेल यांचं म्हणणं तोवर अनेकांच्या गळी उतरत नव्हतं. या प्रयोगाने त्याला मोठं बळ मिळालं.

पण हे प्रथिन दिसतं कसं? पडद्यातली प्रथिनं हाताळायला महाकठीण. तेलकट पडद्यातून बाहेर काढली की त्यांच्या गुठळ्या होतात. केंब्रिजमध्ये रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी ती काढलीच नाहीत. जांभळ्या पडद्यात प्रथिनं मुळातच ओळीने मांडलेली असतात. त्यांनी पडदा तसाच ग्लुकोजमध्ये सुकवला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात तो टिकेल. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने प्रथिन जळतं म्हणून मारा अगदी मंद ठेवला. चित्र इतकं पुसट की एका रेणूवरून काहीच कळू नये. हजारो रेणूंची सरासरी काढल्यावर आकार उमटला. 1975 मध्ये दिसलं ते असं: पडद्यात आरपार रोवलेले सात खांब, जणू मांडवच. पुढे अणूंपर्यंतचा तपशील उकलायला 1990 उजाडलं, आणि हेंडरसन यांना 2017 चं नोबेल विभागून मिळालं. 2000 साली गुरांच्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाची रचना उलगडली. तिथेही सातच खांब आणि रेटिनल सातव्याला बांधलेलं. दोघांच्या अमिनो आम्लांच्या माळा शेजारी ठेवल्या तर मात्र साम्य जवळपास काहीच नाही.

हिरव्या शेवाळातही अशी प्रथिनं आहेत. ती प्रकाश पडताच पडद्यात वाट उघडतात आणि विद्युतभारित कण आत शिरतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उपचारात, दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराने अंध झालेल्या माणसाच्या डोळ्यातल्या चेतापेशींत असं प्रथिन रुजवलं गेलं. काही महिन्यांच्या सरावानंतर त्याला समोरच्या टेबलावरची वही सापडू लागली. त्यासाठी खास चष्मा मात्र हवाच. तो समोरचं दृश्य टिपून नारिंगी झोतात डोळ्यावर पाडतो. कारण आपल्या डोळ्यातलं एक ऱ्होडॉप्सिन जागं झालं की ते पुढच्या अनेक रेणूंना जागं करतं, म्हणून मंद उजेडही पुरतो. शेवाळाच्या प्रथिनामागे ती साखळी नाही. एक प्रकाशकण फार तर एक वाट उघडतो, आणि म्हणून लख्ख झोत लागतो.