जुना कॅमेरा आणि प्रकाशाचा हिशेब

व्यावसायिक डिजिटल कॅमेरा जुना झाला की नाही, हे त्यानंतर बाजारात किती मॉडेले आली यावरून ठरवण्याची रीत रूढ झाली आहे. तथापि २००८ साली आलेला निकॉन डी७०० हा १ कोटी २१ लाख पिक्सेलांचा कॅमेरा पुण्यातील लग्नाच्या कामाला आजही पुरेसा ठरू शकतो, तर त्याच शहरातील दुसऱ्या एखाद्या कामाला तो साफ अपुरा पडू शकतो. वस्तूवरून निघालेला प्रकाश हवेतून, लेन्समधून आणि त्याचे विद्युतभारात रूपांतर करणाऱ्या सेन्सरमधून जात अखेर कागदावर किंवा पडद्यावर पोहोचतो. यांपैकी कोणत्या टप्प्यावर आपले काम अडते हे ओळखल्यावाचून नवी बॉडी घेणे म्हणजे बहुधा नको त्या टप्प्यावर पैसे खर्च करणे होय.

सर्वाधिक चर्चा होते ती पिक्सेलांची, म्हणून त्यांचा हिशेब आधी पाहणे योग्य ठरेल. लग्नाच्या अल्बमचे एक पान बहुधा १२ बाय १८ इंचांचे असते, आणि डी७०० चे ४,२५६ बाय २,८३२ पिक्सेलांचे पूर्ण चित्र त्यावर छापले तर प्रत्येक इंचात सुमारे २३६ पिक्सेल बसतात. निरोगी डोळा साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखतो. अल्बम ४० सेंटिमीटरवर धरून पाहिला, तर हा कोन कागदावर ०.११६ मिलिमीटर भरतो, म्हणजेच इंचाला सुमारे २१८ बिंदू पुरतात. एका पानापुरता जुना कॅमेरा डोळ्याच्या मर्यादेच्या किंचित पुढेच आहे. मात्र अंतरपाट दूर होतानाचे एकच दृश्य समोरासमोरच्या दोन्ही पानांवर ३६ इंच पसरायचे असेल, तर इंचाला ११८ पिक्सेल उरतात आणि जवळून पाहणाऱ्याला ते जाणवते. २०१७ च्या निकॉन डी८५० मधील ४ कोटी ५७ लाख पिक्सेल तेथे इंचाला २२९ देतात. पिक्सेलांची संख्या जवळजवळ चौपट झाली तरी रेषीय तपशील दुपटीहून थोडा कमीच वाढतो, हेही यावरून ध्यानात यावे.

मंद उजेडाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. प्रकाश सुट्या कणांच्या, म्हणजे फोटॉनांच्या रूपाने येतो आणि त्यांचे आगमन यादृच्छिक असते. सरासरी १०० फोटॉन टिपणाऱ्या पिक्सेलमध्ये सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढउतार असतो, तर १०,००० फोटॉन टिपले गेल्यास तो अवघा एक टक्का राहतो. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात टिपलेल्या चित्रात जी रवाळ खरखर दिसते, तिचा मोठा भाग या नियमातून उद्भवतो आणि कोणत्याही कारखान्याला तो टाळता येत नाही. जुना सेन्सर आलेल्या फोटॉनांपैकी एक तृतीयांश ते निम्मे नोंदवतो असे धरले, तर एकही फोटॉन न दवडणारा आदर्श सेन्सरसुद्धा त्याच्यापेक्षा फार तर दुप्पट-तिप्पट प्रकाश देईल. याउलट एफ/२.८ च्या झूम लेन्सऐवजी एफ/१.८ ची साधी ५० मिलिमीटर लेन्स त्याच बॉडीवर लावली, तर सेन्सरवर जवळजवळ अडीचपट प्रकाश पडतो, आणि तोही नव्या बॉडीच्या किमतीच्या अल्पांशात. ही तुलना खरेदीपूर्वी क्वचितच केली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

नव्या कॅमेऱ्यांनी खरी मजल मारली आहे ती अन्यत्र. सेन्सरवरील विद्युतभार मोजताना यंत्रणेकडूनच मिसळला जाणारा गोंगाट इतका घटला आहे की, कमी आयएसओवर गडद आणि उजळ भाग एकाच वेळी सामावण्याची क्षमता दोन स्टॉपांहून अधिक वाढली आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. सिंहगडावरून पावसाळी ढग आणि खालची काळोखी दरी एकाच चौकटीत घेणाऱ्याला हा फरक निर्णायक वाटेल. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात मंचाजवळ काम करणाऱ्याची अडचण वेगळी असते: विलंबित आलापीत डी७०० सारख्या कॅमेऱ्यातील आरशाच्या उघडझापेचा खटका श्रोत्यांना आणि कलावंतालाही खटकतो, आणि आरसाच नसलेला मिररलेस कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर निःशब्द चालतो. अर्थात अशा शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जात असल्याने वाचनाचा वेग कमी असलेल्या कॅमेऱ्यात ढोल-ताशा पथकातील वेगाने उतरणारे टिपरू वाकलेले दिसू शकते. डी७०० मध्ये चित्रफितीची सोय मुळीच नाही, त्यामुळे ज्याच्याकडे ग्राहक छायाचित्रांबरोबर रीलही मागतो त्याला फार विचार करावा लागत नाही.

पक्षिनिरीक्षकाची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला दूरवरच्या रोहित पक्ष्यांचे चित्र कातरून मोठे करताना अधिक पिक्सेल उपयोगी पडतात, आणि पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारी फोकस यंत्रणा त्याहूनही अधिक. परंतु ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा तपशील लेन्सपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विस्कटतो. तेथे पिक्सेल वाढवून काही हाती लागत नाही, सकाळी लवकर पोहोचल्याने मात्र लागते. हीच मर्यादा खगोलशास्त्रज्ञांनाही चुकलेली नाही. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या गिरवली येथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर २००६ पासून वापरात आलेल्या मुख्य उपकरणाचा सेन्सर २,०४८ बाय २,०४८ पिक्सेलांचा, म्हणजे जेमतेम ४२ लाख पिक्सेलांचा आहे. त्याचा प्रत्येक पिक्सेल आकाशातील सुमारे ०.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) व्यापतो, तर वातावरणामुळे ताऱ्याचे बिंब स्वच्छ रात्रीही एक विकलेहून अधिक पसरते. याहून बारीक पिक्सेलांनी तो पसरट डागच अधिक बारकाईने मोजला गेला असता.

काय बदलावे आणि काय ठेवावे, याचे या परिसरातील सर्वांत मोठे उदाहरण नारायणगावजवळ खोडद येथे उभे आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गेल्या दशकात तिचे अद्ययावतीकरण झाले तेव्हा या तबकड्या तशाच ठेवण्यात आल्या. बदलले ते लहरी टिपणारे संवेदनशील रिसीव्हर आणि संकेतांवर प्रक्रिया करणारी यंत्रणा, ज्यामुळे एका वेळी नोंदवता येणारा वारंवारतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. लहरी गोळा करणारे क्षेत्रफळ समर्थ होते, अडत होते ते पुढच्या टप्प्यावर, आणि बदल तेवढाच झाला.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तबकडीची जागा लेन्सची. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर नसते, बॉडीतली मोटर त्यांना फिरवते. झेड मालिकेच्या मिररलेस बॉडीवर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरने त्या बसतात, पण त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. अशा लेन्स जमवलेल्याने केवळ बॉडी बदलली, तर काही बाबतींत तो मागेच जाईल. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर अडॅप्टरने स्वयंचलित फोकससह चालतात, म्हणून तेथे स्थलांतर सोपे आहे. बॉडी किती टिकेल हेही पाहावे लागते. डी७०० चे शटर दीड लाख उघडझापांपर्यंत तपासलेले होते. शटर काउंट त्यापलीकडे गेला म्हणून कॅमेरा लगेच बंद पडत नाही, परंतु सुटे भाग मिळेनासे झाले असतील तर एकाच बॉडीवर लग्नाचे काम स्वीकारणे धोक्याचे आहे, मग तिची चित्रे कितीही सुंदर येवोत. नव्या बॉडीचा खर्चही तिच्या किमतीपाशी थांबत नाही: १४ बिटांची असंपीडित रॉ फाइल जुन्या कॅमेऱ्यात सुमारे २५ मेगाबाइटांची, तर साडेचार कोटी पिक्सेलांच्या कॅमेऱ्यात सुमारे ९२ मेगाबाइटांची होते, आणि एका लग्नाच्या दोन हजार चित्रांना ५० ऐवजी सुमारे १८४ गिगाबाइट जागा लागते, तीही सुरक्षित प्रतीसाठी दुसऱ्यांदा.