लेकीच्या वाट्याची चमचाभर रक्षा

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा वेगळा आहे. सकाळच्या चहाबरोबर नको वाटला, तर पुरवणी दुपारसाठी बाजूला ठेवा. पण वाचा नक्की!

इंग्लंड-अमेरिकेत हल्ली माणूस गेल्यावर त्याची चमचाभर रक्षा काचेत घालून त्याची आठवणीची वस्तू करून घेतात. कुणी मुठीत मावेल असा गोळा करतं, कुणी टेबलावरचा पेपरवेट, कुणी गळ्यातलं पदक, तर कुणी अंगठीचा खडा. ऐकलं की आधी अंगावर काटाच येतो. "अगं बाई, घरात अस्थी?" आपल्याकडे तर विसर्जनाला वेळ असेल तर कलश घराबाहेर झाडाला टांगून ठेवतात. मग हे असलं दिवाणखान्यात मांडायचं?

पण आधी ही वस्तू होते कशी, ते पाहू. तिकडे विद्युत किंवा गॅसच्या दाहिनीत आठशे ते हजार अंश सेल्सिअस उष्णतेत दहन होतं. आपल्यासारखी लाकडाची राख त्यात नसते. मागे राहतात ती हाडं. ती गार झाल्यावर यंत्रात दळतात आणि दोन-तीन किलोची करडी-पांढरी भुकटी घरच्यांच्या हाती देतात. म्हणजे ते जिला 'राख' म्हणतात, त्या खरं तर आपल्या अस्थीच!

काचेचा कारागीर लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा लालबुंद गोळा घेतो. धातूच्या पाटावर पसरलेल्या चिमूटभर रक्षेवरून तो गोळा फिरवतो. रक्षा त्याला चिकटते, आणि मग वरून स्वच्छ काचेचा आणखी एक थर चढतो. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट काचेच्या भट्टीत वितळत नाही. म्हणून ते आत पांढऱ्या ठिपक्यांसारखं दिसत राहतं, आजूबाजूला बारीक बुडबुडे. निळा रंग हवा असेल तर कोबाल्ट घालतात. शेवटी ती वस्तू वेगळ्या भट्टीत रात्रभर हळूहळू थंड करतात. घाई केली की तडा गेलाच म्हणून समजा.

काच आणि हाडांची राख यांचं नातं जुनं आहे बरं का! युरोपात दुधी काच करायला जनावरांच्या हाडांची राख वापरत. आपल्या शोकेसमधले बोन चायनाचे कपसुद्धा मुळात गुरांच्या हाडांच्या राखेतूनच घडलेले.

मृताची खूण अंगावर वागवणंही इंग्रजांना नवं नाही. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये गेले, तेव्हा राणीने त्यांच्या केसांची बट लॉकेटमध्ये घालून जपली होती. दहन मात्र त्यांच्याकडे उशिरा आलं. इंग्लंडमधलं पहिलं अधिकृत दहन २६ मार्च १८८५ रोजी वोकिंग इथे झालं, आणि ते एका बाईचं होतं, श्रीमती जेनेट पिकर्सगिल यांचं. आज तिथे पाऊण टक्क्यांहून नव्हे, तर पाऊण लोकसंख्येहून अधिक लोकांचं दहनच होतं. कबर नाही, तर फुलं कुठे वाहायची? त्या रिकाम्या जागी ही काच आली.

सगळ्यांना ती पटते असंही नाही. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ मध्ये परवानगी दिली. पण २०१६ मध्ये व्हॅटिकनने बजावलं, की रक्षा घरात ठेवू नये, वाटू नये, दागिन्यात घालू नये. मग डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सवलत मिळाली. मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी अगदी थोडा अंश ठेवण्याचा विचार होऊ शकतो, असं सांगितलं गेलं. म्हणजे 'ठेवावं की सोडावं' हा वाद तिकडेही आहेच.

आणि आपल्याकडे तरी सगळं विसर्जितच होतं का? पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींच्या रक्षेचा काही अंश आहे. दादरच्या चैत्यभूमीवर आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. लाखो माणसं तिथे डोकं टेकतात. थोरांच्या अस्थी जपलेल्या चालतात, मग घरच्या माणसाच्या का नाही, असा प्रश्न पडतोच.

माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी हाच प्रश्न भांडण होऊन आला. त्यांची लेक इंग्लंडमध्ये असते. काका तिच्याकडे गेले असताना तिथेच वारले. दहन तिकडे झालं. लेक रक्षा घेऊन आली, नाशिकला रामकुंडात विसर्जन झालं, तेरावं झालं. त्याच फेरीत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन तिने शेताच्या हक्कसोडपत्रावर सहीसुद्धा केली. वर्षश्राद्धाला ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या पर्समधून सुपारीपेक्षा थोडा मोठा निळा काचेचा मणी निघाला. त्यात काकांची रक्षा होती.

भाऊ उसळला. "बाबांना अर्धवट अडकवून ठेवलंस! त्यांना गती कशी मिळणार?" लेक रडायला लागली. मंडळाचं काम करते म्हणून मला बोलावलं होतं; पण मला बोलावंच लागलं नाही. काकूंनी मणी हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "यात तेच आहेत ना गं, नक्की?" "हो आई, बनवताना मी समोर उभी होते." मग काकू मुलाकडे वळल्या. "जमिनीवर तिची सही घेतली, तेव्हा तू शास्त्र नाही काढलंस. चमचाभर राखेवर कशाला काढतोस?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. भावाची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्याचा बापावर जीव होता. पण लेकीने काय नेलं, याचा हिशेब त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

आपल्याकडे अनेक घरांत बायका स्मशानात जात नाहीत. अस्थी वेचायला पुरुष, विसर्जनाला पुरुष. लेक दारातून परत फिरते. तिच्या हाती उरतो एखादा फोटो, नाहीतर आईची विरलेली साडी. म्हणून परदेशातल्या लेकींना ही काच जवळची वाटत असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

तुमच्याही नात्यात तिकडे कुणी हे करणार असेल, तर चार गोष्टी त्यांना जरूर सांगा. दहनाच्या उष्णतेत डीएनए जवळजवळ टिकत नाही; त्यामुळे आतली रक्षा कुणाची, हे मागाहून तपासून घेता येत नाही. तेव्हा शक्य असेल तर बनवताना समोर उभं राहावं. सगळी रक्षा देऊ नये, चमचाभर पुरते. उरलेली परत मिळेल हे लेखी घ्यावं. आणि काच फुटते, हेही मनाशी धरून ठेवावं. शिवाय आपल्यामागे ती कोण सांभाळणार? नातवंडांना ते ओझं वाटलं, तर त्यांनी ती पाण्यात सोडायला हरकत नाही, असं आपणच सांगून ठेवलेलं बरं.

मी स्वतः असा मणी करून घेईन का? बहुधा नाही. माझी रक्षा आंब्याच्या खड्ड्यात घाला, असं मी घरी सांगितलंय. पण ते सांगितलंय, हे महत्त्वाचं. घरातली मोठी माणसं हसती-बोलती आहेत, तोवरच त्यांना त्यांची इच्छा विचारा. अभद्र बोलू नकोस म्हणून कुणी रागावेल, रागावू दे. आणि वेळ येईल तेव्हा निर्णयाला बसताना लेकींना, सुनांनाही बोलवा. त्यांना काही नकोही असेल. पण त्यांना विचारा तरी!