ठाण्यापासून गावापर्यंत: वाशिम जिल्ह्यातील पोलीस आणि लोकसहभाग

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याला स्वतःचे जिल्हा पोलीस दल मिळाले. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे जिल्ह्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार भरली आणि त्यातले शंभरातले ८२ जण खेड्यात राहणारे होते. सुमारे ४,९०० चौरस किलोमीटरच्या या मुलखात लहानमोठी आठशेच्या आसपास गावे विखुरलेली आहेत. तांडे आणि वस्त्या वेगळ्याच. त्यांच्यासाठी पोलीस ठाणी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. अनसिंग, जऊळका, शिरपूर, आसेगाव, धनज अशा ठाण्यांच्या हद्दीत कितीतरी गावे येतात आणि काही गावांना ठाणे गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते. प्रत्येक बीटला एक अंमलदार. गावकऱ्यांच्या तोंडी तो ‘बीट जमादार’. गावाच्या दृष्टीने पोलीस खाते म्हणजे हाच माणूस. पण समन्स-वॉरंट बजावणे, मर्गचा म्हणजे अकस्मात मृत्यूचा तपास, न्यायालयातली हजेरी, सणासुदीचा बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे एवढे सगळे सांभाळून तो एका गावात महिन्यातून किती वेळा जाणार? म्हणून ग्रामीण पोलीस दलाच्या सुधारणेचा विचार गाड्या आणि इमारतींपाशी थांबत नाही. गावात घडलेली गोष्ट ठाण्यापर्यंत कुणाच्या तोंडून आणि किती वेळात पोहोचते, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

या साखळीचा पहिला दुवा पोलीस पाटील. वऱ्हाडात पाटीलकी पिढ्यान् पिढ्या घराण्यात चालत आली. सारा वसुलीचे काम मुलकी पाटलाकडे आणि गावच्या शांततेचे पोलीस पाटलाकडे अशी विभागणी होती. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. पोलीस पाटलाचे पद टिकले, पण १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्याचा वारसा हक्क काढून घेतला. आता ही नेमणूक महसूल खात्याचे उपविभागीय अधिकारी करतात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी आणि किमान दहावी उत्तीर्ण असावा लागतो. लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. महिलांसाठी राखीव जागा असल्यामुळे अनेक गावांत आज पोलीस पाटील बाई आहेत. पाटीलकी म्हणजे मिशीला पीळ देणारा पुरुष, हे जुने चित्र त्यामुळे पुसले जात आहे, आणि ही या पदातली फार मोलाची सुधारणा आहे.

पोलीस पाटलाला गणवेश नाही, शस्त्र नाही. तो किंवा ती आपली शेतीही पाहते. कायद्याने सोपवलेली कामे मात्र जबाबदारीची आहेत: गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे, संशयास्पद मृत्यू झाल्यास पोलीस येईपर्यंत जागा राखणे, शांतता बिघडण्याची चिन्हे दिसताच वर कळवणे, तपासाला आलेल्या अंमलदाराला मदत करणे. कायद्यात न लिहिलेले काम याहून मोठे असते. कुठल्या दोन भावांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलणे बंद झाले आहे, पांदण रस्ता कुणी नांगरून टाकला, पोळ्याच्या तोरणाच्या मानावरून मागच्या वर्षी कुणाचे बिनसले होते, हे ठाण्यातल्या नोंदवहीत सापडत नाही. पोलीस पाटलाला ते ठाऊक असते. वाशिमसारख्या सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात शेताची वाट आणि धुरा ही भांडणाची जुनी मुळे आहेत. पेरणीच्या दिवसांत त्यांना पालवी फुटते आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर प्रकरण कुऱ्हाडीपर्यंत जाते.

एवढ्या कामाचे मोल दीर्घकाळ नाममात्र होते. पोलीस पाटलांचे मासिक मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. जिथे हे पद रिकामे राहते, तिथे शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार जातो आणि खबर उशिरा पोहोचते. रिक्त पदे वेळेवर भरणे ही म्हणूनच पोलीस सुधारणेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बाब मानायला हवी.

दुसरा दुवा तंटामुक्त गाव समितीचा. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. ग्रामसभा समिती आणि तिचा अध्यक्ष निवडते. पोलीस पाटील निमंत्रक असतो आणि बीट अंमलदारही तिच्या कामात असतो. दिवाणी, महसुली आणि फौजदारी अशा दाखल तंट्यांची यादी करायची, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचे आणि जे मिटवता येतात ते मिटवून त्याची रीतसर नोंद करायची, ही तिची पद्धत. नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून ‘एक गाव एक गणपती’सारखे उपक्रमही तिच्या कामात धरले गेले. गावाच्या कामाला २०० पैकी गुण देण्याची व्यवस्था होती आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार एक लाखापासून दहा लाख रुपयांपर्यंत बक्षीस मिळे.

या मोहिमेने एक चांगली गोष्ट घडवली. पोलिसांच्या कामाचे माप प्रथमच मिटलेल्या भांडणांवरून काढले गेले. एरवी ठाण्याची कामगिरी दाखल गुन्हे, अटक आणि दोषसिद्धी यांवरून मोजली जाते. जो गुन्हा घडलाच नाही तो कुठल्याच तक्त्यात येत नाही. बांधाच्या वादात दोन घरे दहा-दहा वर्षे वकिलाच्या फीसाठी जमीन विकत बसतात, त्यापेक्षा मारुतीच्या पारावर चार जाणत्या माणसांसमोर मोजणी मान्य करणे केव्हाही चांगले. बक्षिसाच्या पैशाचा जोर ओसरल्यावर बऱ्याच गावांत समित्या थंडावल्या, हेही खरे आहे. जिथे अध्यक्ष निःपक्ष आणि बीट अंमलदार नियमित येणारा, तिथेच त्या जिवंत राहतात.

समितीची मर्यादा गावाने आणि पोलिसांनी नीट ओळखायला हवी. कायद्याने तडजोडयोग्य ठरवलेले गुन्हेच आपसात मिटवता येतात. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, हुंड्यासाठी छळ, जातीय अत्याचार ही प्रकरणे पारावर मिटवण्याची नाहीत. गावात वजन कुणाचे असते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ‘गावाची अब्रू’ या शब्दाखाली तोंड दाबले जाते ते बहुधा बाईचे किंवा दलित, भटक्या कुटुंबाचे. अशा वेळी पोलिसांनी समितीकडे बोट दाखवणे म्हणजे लोकसहभाग नव्हे, कर्तव्य टाळणे आहे. काही वाद तर गावाच्या आवाक्याबाहेरचेच असतात. मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांमधील वादामुळे चार दशके बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले. तिथे पोलिसांचे काम शांतता राखणे एवढेच होते, आणि तेही सोपे नव्हते.

ग्रामसुरक्षा दल हा तिसरा दुवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात अशा दलाची तरतूद आहे. गावातले तरुण शिट्टी, काठी, टॉर्च घेऊन आळीपाळीने रात्रीची गस्त घालतात. शेतातल्या मोटारी, केबल, ठिबकच्या नळ्या, गोठ्यातली जनावरे यांच्या चोऱ्यांना त्याने आळा बसतो. या दलाचा पोलिसांशी धागा घट्ट असणे किती आवश्यक आहे, याचा धडा महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी घेतला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. वाशिममध्येही भटके समाज पाल टाकतात, फेरीवाले येतात. अनोळखी माणूस दिसला तर त्याला हात न लावता ठाण्याला फोन करायचा, हे गस्तीवरच्या प्रत्येक पोराला कळले पाहिजे. ओळखपत्र देणे, नावांची यादी ठाण्यात ठेवणे आणि अंमलदाराने स्वतः अधूनमधून गस्तीबरोबर फिरणे यातूनच गावरक्षक आणि जमाव यांतला फरक टिकतो.

फोन करायचा तो आता ११२ वर. महाराष्ट्रात ही आपत्कालीन प्रतिसाद सेवा २०२१ पासून चालू आहे. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात आहे. मानोऱ्याच्या तांड्यावरून केलेला फोन आधी या केंद्रात लागतो, तिथून तपशील जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला जातो आणि जवळच्या पोलीस गाडीतल्या यंत्राच्या पडद्यावर उमटतो. गाडी किती वेळात पोहोचली याची नोंद आपोआप राहते. जुन्या काळी ‘गाडी नाही, डिझेल नाही’ हे उत्तर ऐकून माणूस गप्प बसे; आता त्या उत्तराचा हिशेब वर द्यावा लागतो. मात्र बोलणाऱ्याला आपले ठिकाण नेमके सांगता आले पाहिजे. शेतशिवारात गट क्रमांक, जवळची वाट, नाला, देऊळ सांगणारा पोलीस पाटील सोबत असेल तर गाडीचा अर्धा वेळ वाचतो.

महिलांसाठी भरोसा सेल, दामिनी पथक आणि महिला दक्षता समित्या या व्यवस्था राज्यातील पोलीस दलांत उभ्या राहिल्या आहेत. नागपूर शहरात २०१७ मध्ये सुरू झालेल्या भरोसा सेलमध्ये समुपदेशक, कायदेविषयक सल्ला आणि वैद्यकीय मदत एकाच छताखाली आणण्याची कल्पना होती. नंतर ती इतर जिल्ह्यांत गेली. खेड्यातली अडचण अंतराची आहे. भरोसा सेल जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि मार खाणारी बाई साठ किलोमीटर दूर, हातात एसटीचे पैसे नाहीत. तिला पहिला आधार देणार ती गावची आशा सेविका, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाची ताई. पोलिसांनी या स्त्रियांशी नाते जोडले नाही तर सेलचा फलक वाशिमच्या रस्त्यावर नुसता लटकत राहील.

बंजारा समाजाची वस्ती हे या जिल्ह्याचे खास वैशिष्ट्य. तांड्यात नायक आणि कारभारी यांच्या शब्दाला परंपरेने मान आहे. तांड्याची गोरमाटी बोली बोलणारा शिपाई तिथे जे काम करतो, ते दहा नोटिसांनी होत नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून भाविक लोटतात. लहानशा गावात लाखोंची गर्दी उतरते तेव्हा जिल्ह्याचे मनुष्यबळ पुरत नाही. बाहेरून कुमक मागवली जाते, आणि गर्दी वळवण्याचे, हरवलेले मूल आईपर्यंत नेण्याचे काम समाजाचे स्वयंसेवक पोलिसांच्या बरोबरीने करतात.

कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, वाशिम या मिश्र वस्तीच्या गावांत शांतता समित्यांचे महत्त्व तेवढेच. या पद्धतीचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला भिवंडीचा आहे. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. शिपाई आणि वस्तीतली दोन्ही धर्मांची साधी माणसे नियमित एकत्र बसू लागली. १९८४ मध्ये भीषण दंगल पाहिलेले भिवंडी डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिले. सणाच्या आदल्या दिवशी चहापानाची बैठक घेऊन हे साधत नाही; वर्षभर बसावे लागते. आणि समितीत नेहमीचेच पुढारी न घेता हातगाडीवाला, रिक्षावाला, शिक्षिका यांनाही जागा द्यावी लागते.

अलीकडे जिल्ह्यापुढे नवी कामे आली आहेत. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला झापड येते, टायर फुटतात. अपघातस्थळी सर्वांत आधी धावतात ती लगतच्या गावची माणसे. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला पोलिसांनी साक्षीसाठी अडकवायचे नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यातच २०१९ पासून दिलेले आहे. गावोगाव हे सांगितले गेले तर मदतीचा हात कचरणार नाही. दुसरे नवे काम ऑनलाइन फसवणुकीचे. तिची तक्रार १९३० या क्रमांकावर जितकी लवकर जाईल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक. पीक विक्रीचे पैसे खात्यावर येऊ लागल्यापासून शेतकरीही या टोळ्यांच्या नजरेत आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने फिर्यादीची बाजू काहीशी बळकट केली. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाणेदाराने फिर्याद घेण्यास नकार दिला तर तिचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.