ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

अमेरिकेतल्या एका वाचकांनी विचारलंय, ‘माझ्या पिकअपच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता साडेचार टन दिली आहे आणि ट्रॅव्हल ट्रेलर तर तीन टनांचा. मग काटा करायची गरजच काय?’

गरज आहे, कारण ट्रेलर पिकअपच्या मागे नुसता येत नाही, तो तिच्यावर रेलतोही. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, पुढे भरला की बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचंही गणित हेच. अमेरिकेतल्या रूढ नियमानुसार त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर यायला हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर हेलकावे घेऊ लागतो आणि पिकअपलाही आडवं फिरवू शकतो. भार पुरेसा असेल तर तो पिकअपला पेलावा लागतो. माणसं, सामान आणि हा भार, सगळं एकाच मर्यादेत बसवायचं असतं. ती मर्यादा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेली असते आणि पुष्कळदा ओढण्याच्या क्षमतेआधी तीच संपते.

शिवाय ट्रेलरचं छापील वजन बहुधा रिकाम्याचं असतं. टाकीत दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो तिथेच वाढले.

म्हणून हायवेवरच्या ट्रक थांब्यावरचा काटा गाठावा. तिथे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात. समजा, सहलीच्या सामानासह एकटी पिकअप २,८०० किलो भरली: पुढे १,४५०, मागे १,३५०. ट्रेलर जोडल्यावर पुढे १,३५०, मागे १,७५० आणि ट्रेलरच्या चाकांवर २,७००, म्हणजे एकूण ५,८००. त्यातून २,८०० वजा केले की ट्रेलर निघाला ३,००० किलोचा. त्यातले २,७०० त्याच्या चाकांवर, म्हणजे गोळ्यावर ३००. बरोबर १० टक्के, अगदी काठावर!

आता गंमत पाहा. भार ३०० किलोचा, पण मागच्या आसावर वाढले ४००! गोळा आसाच्या मागे असल्यामुळे ही तरफच झाली. तिने पुढची चाकं १०० किलोंनी हलकी केली. आणि सुकाणू त्याच चाकांच्या हाती असतं.

काट्याच्या इतिहासातही तरफच आहे. गाड्या तोलणाऱ्या काट्याचं श्रेय अमेरिकेत थॅडियस फेअरबँक्सला मिळतं. त्याचं पेटंट १८३१ चं. पण बर्मिंगहॅमच्या जॉन वायटने १७४० च्या दशकातच तरफांना तरफा जोडून भरलेली गाडी तोलणारं यंत्र उभं केलं होतं. अवजड गाडी छोट्याशा वजनाने तोलणं ही केवढी देखणी कल्पना! वायटचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

तेव्हा कुटुंब, सामान, पाणी यांसकट काटा करा. आधी मागच्या आसाची मर्यादा पाहा, मग पिकअपच्या एकूण वजनाची, मग ट्रेलरसकट सगळ्याची. माहितीपत्रकातला तो साडेचार टनांचा आकडा सर्वांत शेवटी.