कॅमेऱ्यापुढची काच : कोणती हवी, कोणती नको?

पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांच्या सहली लोणावळा, कार्ले, भाजे, लोहगड या बाजूला निघतात. हल्ली प्रत्येक सहलीत कोणाच्या तरी गळ्यात कॅमेरा असतो. तो नसला तर मोबाईल असतोच. पण घरी येऊन छायाचित्रे पाहावीत तर जरा हिरमोडच होतो. डोळ्यांना हिरवेगार वाटलेले रान चित्रात पांढुरके उतरलेले असते. तळ्याच्या चित्रात पाणी दिसतच नाही, नुसते आभाळ चमकत असते. मग कोणी जाणकार सांगतो, "फिल्टर लावायला हवा होता." दुकानात चौकशी करावी तर दुकानदार लाल, पिवळ्या, करड्या, बिनरंगी अशा काचांची रांगच समोर मांडतो. इतक्यात दुसरा मित्र म्हणतो, "पैसे कशाला घालवतोस? आता संगणकावर सगळे करता येते."

या दोघांत खरे कोणाचे? दोघांचेही थोडे थोडे. कोणाचे किती, हे ठरवायला निष्णात छायाचित्रकार असण्याची गरज नाही. शाळेत शिकलेले प्रकाशशास्त्र आणि थोडा विचार एवढे पुरते.

प्रथम अंकीय कॅमेरा नोंदवतो तरी काय, ते पाहू. भिंगामागे पूर्वी जेथे फिल्म असे तेथे आता सिलिकॉनचा संवेदक, म्हणजे सेन्सर असतो. त्यावर लाखो बारीक चौकटी असतात. चौकटीवर प्रकाश पडला की तेथे विद्युतभार साठतो. तो मोजला की एक आकडा मिळतो. असे लाखो आकडे म्हणजे चित्र. परंतु सिलिकॉनला रंग कळत नाहीत. म्हणून प्रत्येक चौकटीवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एक सूक्ष्म गाळणी बसवलेली असते. निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या, ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर या संशोधकाची. तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. म्हणजे तुम्ही भिंगापुढे एकही काच लावली नाहीत तरी कॅमेऱ्याच्या पोटात लाखो फिल्टर असतातच!

तेव्हा कॅमेऱ्याच्या वहीत तीनच गोष्टींची नोंद होते : प्रकाश कोठे पडला, किती पडला आणि ढोबळमानाने कोणत्या रंगाचा पडला. प्रकाश हा तरंग आहे आणि त्या तरंगाचे कंपन कोणत्या दिशेने होत होते, ही चौथी गोष्ट मात्र कोठेच लिहिली जात नाही. जे वहीत लिहिले आहे त्यात संगणक नंतर हवा तेवढा फेरफार करू शकतो. जे लिहिलेच नाही, ते कोठून आणणार? दुकानातल्या प्रत्येक काचेला हाच एक प्रश्न विचारायचा.

रंगीत काचांचा निकाल लगेच लागतो. कृष्णधवल फिल्मच्या काळात आकाश गडद आणि ढग उठावदार दिसावेत म्हणून भिंगापुढे पिवळी किंवा लाल काच लावत. आकाशाचा निळा प्रकाश लाल काच अडवते, म्हणून आकाश काळपट उतरते. अंकीय चित्रात लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे वेगवेगळे साठवलेले असतात. त्यांपैकी फक्त लाल आकड्यांवरून कृष्णधवल चित्र तयार केले की बहुतांशी तोच परिणाम मिळतो. मूळ चित्र मात्र रंगीतच घ्यावे, म्हणजे काच कोणती लावायची हे घरी बसून ठरवता येते.

अतिनील किरण अडवणाऱ्या बिनरंगी काचेचीही हीच गत. फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम होई आणि डोंगराळ भागातली दूरची दृश्ये धुरकट दिसत. आताच्या संवेदकासमोर मुळातच एक काच असते व ती अतिनील आणि अवरक्त किरणांचा बहुतेक भाग गाळून टाकते. मग ही बिनरंगी काच लावून मिळते काय? लोणावळ्याच्या आडव्यातिडव्या पावसात भिंगाचे रक्षण होते, हे खरे. पण साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. विशेष लेप दिलेल्या काचेत हे प्रमाण बरेच कमी असते; स्वस्त काचेत रात्रीच्या दिव्यांची भुते चित्रात उमटतात. माझे मत विचाराल तर त्या पैशात एक चांगली छत्री घ्यावी.

आता करडी काच. ही सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी करते. प्रकाश कमी करण्यासाठी पैसे मोजायचे, हे ऐकून हसू येईल; पण धबधब्यापाशी तिचा उपयोग कळतो. पाच मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा तळाशी वेग काढा : २×९.८×५ चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० मीटर. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भागच उघडली तर तेवढ्यात पाणी एक सेंटिमीटर सरकते आणि थेंब न् थेंब गोठल्यासारखा दिसतो. झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली तर अख्खी धार सरकून जाते आणि चित्रात दुधासारखा रेशमी पट्टा उमटतो. पण ढगाळ दिवशीही, कॅमेऱ्याचे छिद्र बरेच बारीक केले तरी, चित्राला सेकंदाचा पंधरावा भाग पुरतो. अर्धा सेकंद म्हणजे त्याच्या जवळजवळ आठपट. तेवढा वेळ झडप उघडी ठेवली तर चित्र पांढरे फटक पडेल. म्हणून एक अष्टमांशच प्रकाश आत सोडणारी करडी काच लावायची.

हे काम संगणकाला जमते का? बऱ्याच अंशी जमते. कॅमेरा तिवईवर घट्ट ठेवून सेकंदाच्या चौसष्टाव्या भागाची ३२ चित्रे लागोपाठ घ्या आणि प्रत्येक चौकटीच्या ३२ आकड्यांची सरासरी काढा. एकूण अर्ध्या सेकंदाचे चित्र मिळाले. अनेक मोबाईल साधारण याच युक्तीने काम भागवतात. मधल्या फटींमुळे किंचित फरक राहतो, इतकेच.

मात्र तिवई कोठे ठेवायची हा प्रश्न गणिताचा नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरावर वर कोठे किती पाऊस पडतो आहे, हे खाली उभे राहणाऱ्याला दिसत नाही. प्रवाहात उतरून कोणतेही चित्र घ्यायचे नाही. काठावर लांब उभे राहून भिंग जवळ आणावे. आणखी एक सूचना येथेच देतो. करडी काच डोळ्यांपुढे धरून सूर्याकडे अगर सूर्यग्रहणाकडे कधीही पाहू नका. ती दृश्य प्रकाश कमी करते, पण अदृश्य अवरक्त किरण तिच्यातून बरेच सुटून येऊ शकतात आणि डोळ्याचा पडदा कायमचा भाजतो. ग्रहणाचे फिल्टर वेगळे असतात.

राहिली शेवटची काच. ही दिसायला करडीच, पण बांगडीसारख्या कड्यात बसवलेली आणि फिरवता येणारी. हिचे नाव ध्रुवक, बाजारातले नाव पोलरायझर. हिच्यापुढे संगणक हात टेकतो.

दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसरे हलवले तर दोरी वर-खाली, आडवी, तिरपी अशी कोणत्याही दिशेने कंप पावू शकते. मात्र तरंग पुढे जातो त्या दिशेशी हे कंपन काटकोनातच असते. सूर्यप्रकाशात सर्व दिशांची कंपने मिसळलेली असतात. एकाच दिशेचे कंपन उरले की तो प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. ध्रुवक एका दिशेचे कंपन जाऊ देतो आणि तिच्याशी काटकोनात असलेले शोषून घेतो. (शिक्षकांसाठी एक सूचना : येथे खिडकीच्या गजांतून जाणाऱ्या दोरीचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. ते देताना जपावे. ध्रुवकातले लांबट रेणू ज्या दिशेने असतात त्याच दिशेचे कंपन ते शोषतात, म्हणजे गजांच्या उलट.)

निसर्गात प्रकाश ध्रुवित होतो तो मुख्यतः दोन प्रकारे. पाणी, काच, ओले पान अशा चकचकीत पृष्ठभागावरून तो तिरपा परावर्तित झाला की आडवे कंपन अधिक परत फिरते. एका विशिष्ट कोनात तर फक्त तेच परत फिरते. या कोनाला ध्रुवणकोन म्हणतात. पाण्यासाठी तो लंबाशी सुमारे ५३ अंश असतो. दुसरा प्रकार आकाशाचा. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात, आणि निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरला जातो, म्हणून आकाश निळे. सूर्याच्या दिशेशी काटकोनात असलेल्या आकाशाच्या पट्ट्यातून येणारा हा विखुरलेला प्रकाश बराच ध्रुवित असतो.

या काचेने केवढे काम होऊ शकते, याची एक हकीकत मुंबई बंदराशी जोडलेली आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीने भारतात परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाच्या निळाईचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा मान्य होते. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. हा कॅल्साइट या खनिजाच्या स्फटिकाचा ध्रुवक. (कॅल्साइटचे स्फटिक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांतही सापडतात.) त्यांनी ध्रुवणकोनातून समुद्राकडे पाहिले आणि लोलक फिरवून पृष्ठभागावरचे प्रतिबिंब पुसून टाकले. आकाश पुसले गेले, पण समुद्र निळाच राहिला. उलट अधिक गडद निळा दिसला. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरत असले पाहिजेत. बोट मुंबई बंदरात असताना २६ सप्टेंबर ही तारीख घालून त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहिले. त्याच विचाराचा माग काढत ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचले, आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता समजा, रामन यांनी लोलक न वापरता समुद्राचे केवळ रंगीत छायाचित्र घेतले असते. चित्रातला निळा आकडा आकाशाचा किती आणि पाण्याचा किती, हे कोणता संगणक सांगणार? दोन्ही एकाच चौकटीत मिसळून गेले. कंपनाची दिशा वहीत लिहिलीच गेली नव्हती. हल्ली चौकटी-चौकटीवर चार दिशांचे सूक्ष्म ध्रुवक बसवलेले खास संवेदकही कारखान्यांतील तपासणीसाठी मिळतात. पण तेथेही काच प्रकाशाच्या वाटेत आधी येते, गणित मागून.

मावळात ही काच कोठे चालते आणि कोठे चालत नाही? जुलैत राजमाचीच्या वाटेवर धुक्यात ती फिरवून पाहा. धुके मुळीच हटणार नाही. धुक्याचे थेंब मोठे असतात, प्रकाश त्यांच्यावर अनेकदा आपटतो आणि ध्रुवण नाहीसे होते. ढगाळ आकाशही तसेच. पण त्याच ढगाळ दिवशी काच ओल्या पानांकडे आणि कातळाकडे वळवा. पानांवर आभाळाची जी पांढरी चकाकी असते तीच त्यांचा हिरवा रंग झाकत असते. ती गेली की रान डोळ्यांनाही दिसले नव्हते इतके हिरवे दिसते. चिंब पावसाळ्यातच ही काच आकाशासाठी नव्हे तर जमिनीसाठी कामाची ठरते.

आकाशासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट पाहावी. तर्जनी सूर्याच्या दिशेने रोखा (सूर्याकडे न पाहता) आणि अंगठा काटकोनात ताठ ठेवून मनगट फिरवा. अंगठा ज्या पट्ट्यावरून फिरेल तेथे आकाश सर्वांत गडद होईल. सकाळी लोहगडावरून दक्षिणेला पवनेच्या जलाशयाकडे पाहिले तर हा पट्टा समोरच येतो. फार रुंद दृश्य टिपणारे भिंग असेल तर मात्र आकाश मध्ये काळे आणि कडांना फिके असे विद्रूप दिसते.

ध्रुवकातून पाण्याचा तळ स्वच्छ दिसला म्हणून पाणी उथळ समजू नका. वक्रीभवनामुळे चार फूट खोल तळ सरळ वरून पाहतानाही तीन फुटांवर भासतो, आणि काठावरून तिरपे पाहताना त्याहून वर.

प्रयोगासाठी धरणाची गरजही नाही. शाळेच्या मैदानातले डबके पुरते. पाण्याचा वक्रीभवनांक ४/३ आहे, आणि ध्रुवणकोनाचे टॅन गुणोत्तर वक्रीभवनांकाइतके असते. तेव्हा ३-४-५ चा काटकोन त्रिकोण आठवा : डोळा जमिनीपासून दीड मीटर उंच असेल तर पायांपासून दोन मीटरवरच्या पाण्याकडे पाहायचे. ध्रुवकाची काच नसेल तर ध्रुवण करणारा उन्हाचा चष्मा घ्या आणि त्याचे एक भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत आभाळ नाहीसे होऊन तळाची माती दिसेल. तेथून ९० अंश फिरवले की आभाळ परत येईल. मग एकदा अर्धा मीटरवरच्या आणि एकदा दहा मीटरवरच्या पाण्याकडे पाहून फरक किती उरतो ते वहीत लिहा. त्रिमितीय चित्रपटाचा चष्मा मिळाला तर त्याचे भिंग आधी नेहमीसारखे आणि मग पालथे धरून फिरवा. काही चष्म्यांत पालथे धरल्यावरच आभाळ पुसले जाते, सरळ धरल्यावर फिरवूनही काही फरक पडत नाही. असे का होते, ते आपल्या शिक्षकांना विचारा.