कारण वेगळे, खतपाणी वेगळे

किशोरवयीन मुलाला नैराश्य, तीव्र चिंता किंवा टोकाची आक्रमकता यांनी घेरले की नातेवाईक, शेजारी आणि शाळा आपापल्या परीने एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे आईवडिलांचे काय चुकले. आणि हा प्रश्न केवळ अज्ञानातून येतो असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण विसाव्या शतकाच्या मध्यावर नामांकित तज्ज्ञही तोच विचारत होते. 1948 मध्ये मनोविश्लेषणतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या झिडकारणाऱ्या वागण्याशी जोडला आणि पुढची काही दशके असंख्य मातांना तो ठपका वागवावा लागला. पुराव्याच्या कसोटीवर ही कल्पना टिकली नाही. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण, आघात, व्यसने, परिस्थितीचे ताण अशा अनेक गोष्टी एकत्र येऊन आजार उद्भवतो, हे आज मान्य आहे. तरीही घराचा विषय तेथे संपला नाही, कारण आजार कशाने सुरू झाला आणि त्याला खतपाणी कशाने मिळते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पालकांच्या हाती क्वचितच असते, दुसऱ्याचे मात्र बरेचसे असते.

या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी केला. त्यांचे निरीक्षक थेट घरी जाऊन बसत. कुटुंबाने दोन खोल्यांतच वावरावे, टीव्ही बंद ठेवावा, असे नियम असत आणि कोण काय बोलले, त्यावर समोरच्याने काय केले याची नोंद काही सेकंदांच्या अंतराने सांकेतिक खुणांनी होत असे. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींतून जे दिसले ते त्यांनी 1982 च्या ग्रंथात मांडले. आजच्या घरातले उदाहरण घ्यायचे तर, आई मोबाइल ठेवायला सांगते, मुलगा आवाज चढवतो, आई त्याहून मोठ्याने ओरडते, मुलगा दाराला लाथ घालतो, आणि मग ‘जाऊ दे, कर काय करायचे ते’ असे म्हणून आई स्वयंपाकघरात निघून जाते. घर शांत होते, आणि त्या शांततेत दोघांनाही काहीतरी मिळालेले असते : मुलाच्या मागचा तगादा थांबतो, आईला आरडाओरड्यातून सुटका मिळते. अप्रिय गोष्ट थांबल्यामुळे ती थांबवणारे वर्तन पक्के होत जाते, या प्रक्रियेला ऋण प्रबलन म्हणतात (तिची शिक्षेशी नेहमी गल्लत होते, पण शिक्षेने वर्तन कमी होणे अपेक्षित असते, येथे ते वाढते). मुलगा लाथ घालायला शिकतो, आई माघार घ्यायला शिकते. आणि ज्या दिवशी वडिलांनी हात उगारल्यावर मुलगा गप्प होतो, त्या दिवशी वडील हात उगारायला शिकतात. त्यातही पालक कधी ठाम राहतात आणि कधी नमते घेतात तेव्हा ही सवय अधिकच चिवट होते, कारण मधूनमधून फळ देणारे वर्तन सहजासहजी सुटत नाही.

अर्थात प्रत्येक उद्रेक हा हट्ट नसतो. चिंतेने ग्रासलेली मुलगी शाळेच्या फाटकापाशी थरथरते तेव्हा ती कोणाला वेठीस धरत नसते. पण तिला रोज घरी परत आणले, तिच्या वतीने सगळीकडे उत्तरे दिली, पाहुणे येणेच बंद केले, तर चिंता टळते आणि तिचा मुक्काम मात्र लांबतो. मायेपोटी केलेल्या या तडजोडी कमी करणे हाच येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांच्या उपचारपद्धतीचा गाभा आहे. या पद्धतीत मूल उपचारकाकडे जातच नाही. पालकच जातात, मुलाच्या त्रासाची जाणीव आणि त्याच्या क्षमतेवरचा विश्वास एकाच वाक्यात बोलून दाखवायला शिकतात, आणि तडजोडी आधी सांगून, एकेक करून कमी करतात. 7 ते 14 वर्षांच्या मुलांवरील, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत मुलांना दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या तोडीस तोड ठरली. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते; बालमनोविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटलेल्या देशात, आणि ‘मला काही झालेले नाही, मी येणार नाही’ म्हणून दार लावून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत, पालकांपासून सुरुवात करता येते ही बाब लहान नाही.

संशोधनाचा आणखी एक धागा लंडनचा आहे. रुग्णालयातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी कोणाचा आजार उलटतो हे शोधताना समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि शब्दांइतकेच आवाजाच्या पट्टीलाही गुण दिले. टीका, वैरभाव आणि रुग्णाला श्वास घेऊ न देणारी अतिकाळजी यांच्या मापाला त्यांनी ‘व्यक्त भावना’ असे नाव दिले. हे माप जेथे वरचे, तेथे आजार उलटण्याचे प्रमाणही अधिक आढळले. पुढे चंडीगड परिसरात हेच मोजमाप झाले तेव्हा लंडनपेक्षा कितीतरी कमी घरांत ही पातळी वरची आढळली, खेड्यांत तर त्याहूनही कमी. मात्र या मापावरून पालकांना पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा विपर्यास ठरेल, कारण महिनोन्महिने जागरणे काढलेल्या माणसाच्या आवाजाला धार येते आणि ती धार आजार उलटण्याचे कारण असते तितकाच आजाराचा परिणामही असते.

जिवाला धोका असेल तेथे मात्र हे सारे बारकावे मागे पडतात. आत्महत्येविषयी थेट विचारले तर नसलेला विचार मुलाच्या मनात शिरेल, ही भीती अनाठायी आहे. न्यूयॉर्क राज्यातील शाळांमध्ये झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे विचारल्याने विद्यार्थ्यांचा ताण वा आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही. विचारण्याबरोबरच घरातल्या गोळ्या आणि शेतीच्या घरांतील कीटकनाशके कुलपात ठेवणे, आणि 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने मदत मागणे, ही कामे त्याच दिवशी करावी लागतात. दाखल करण्याची वेळ आलीच तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार दोन व्यावसायिकांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज मान्य करावी लागते, मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहावे लागते. उपचार चालू असतानाच मुलाने अठरावे वर्ष पूर्ण केले तर कायदा त्याला त्या दिवसापासून स्वतंत्र रुग्ण मानतो, आणि तेथे राहायचे की घरी जायचे याविषयी पालकांना नव्हे, प्रथम त्यालाच विचारावे लागते.