रस्त्यावरून घराकडे: मनोरुग्णांसाठी 'श्रद्धा'

रस्त्याच्या कडेला मळक्या कपड्यांत, स्वतःशीच पुटपुटत बसलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. 'वेडा' म्हणून आपण पुढे जातो. वस्तुतः त्यांपैकी अनेक जण स्किझोफ्रेनियासारख्या, औषधांनी आटोक्यात येऊ शकणाऱ्या आजाराचे रुग्ण असतात.

हीच जाण ठेवून मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ साली 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' सुरू केले. संस्थेच्या कर्जत येथील केंद्रात अशा निराधार रुग्णांना आसरा, अन्न व औषधोपचार विनामूल्य मिळतात. उपचारांनी भ्रम ओसरला की रुग्ण आपले गाव, नातलग सांगू लागतो. मग कार्यकर्ते त्याला घरी पोहोचवितात. या सेवेबद्दल डॉ. वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घरी परतल्यावर मात्र जबाबदारी कुटुंबाची असते. बरे वाटताच गोळ्या परस्पर बंद केल्यास आजार उलटू शकतो. आपल्या घरात वा शेजारी कोणी असे ग्रस्त असल्यास शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घेता येतो. लोकलज्जेपायी उपचार लांबू नयेत, एवढीच आमची विनंती.